नापास पेशंटांचे डॉक्टर

आमच्या डॉक्टरांच्या हातून पेशंट बरा व्हायचा, पण पास होईलच याची खात्री नसायची. आणि पास झाल्याशिवाय घरी जायचं नाही, हा त्यांच्या वॉर्डचा कायदा होता. म्युनिसिपालिटीच्या कुठल्याही नियमात तो नव्हता. तो त्यांच्या डोक्यात होता, आणि त्यांच्या डोक्यात एकदा शिरलेली गोष्ट बाहेर काढायला आमचे सर्जनसुद्धा धजले नसते.

मी मूळची पार्ल्याची. नर्सिंग पुरं करून साठच्या दशकात कांदिवलीच्या बाजूला एका म्युनिसिपल हॉस्पिटलात स्टाफ नर्स म्हणून लागले. तेव्हा ती बाजू म्हणजे आमच्या आईच्या हिशेबी परगावच. भोवती भाताची शेतं, जुनी गावठाणं, आणि मधेमधे नव्या सोसायट्यांच्या पायाचे खड्डे. हॉस्पिटलचा एक मजला मेडिकलचा होता. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका आणि मधे एक छोटी खोली. या सगळ्यावर डॉक्टरांचं राज्य.

माणूस दिसायला राजासारखा मुळीच नव्हता. उंची बेताची, मान आखूड, पँटला सायकलच्या क्लिपा, आणि त्या काढायचं राउंडलाही लक्षात नाही. स्टेथोस्कोप आधी काखेत धरून गरम करायचे आणि मगच पेशंटच्या छातीला लावायचे. नवे हाउसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, गारच लावायला गेले की म्हणायचे, "आधी स्वतःच्या पोटाला लाव. काय वाटतं बघ." बिचाऱ्या पोरांना सगळ्या वॉर्डासमोर शर्ट वर करावा लागे. त्यावर बायकांच्या बाजूला जो हशा पिके, तो आमच्या कुठल्याही टॉनिकपेक्षा गुणकारी होता.

तर परीक्षा. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी डॉक्टर एक लाकडी स्टूल ओढून खाटेशेजारी बसत. प्रश्न ठरलेले. पहिला, तुला काय झालं होतं? उत्तरात इंग्रजी शब्द चालत नसे. दुसरा, घरी काय खाशील, काय सोडशील? तिसरा, ही कुठली गोळी आणि कधी घ्यायची? वाचता न येणारे पेशंट पुष्कळ, म्हणून हे रंगावर आणि जेवणावर चाले. पांढरी सकाळच्या चहाबरोबर, पिवळी रात्री भाकरीनंतर. मग डॉक्टर एक गोळी तिथल्या तिथे गिळायला लावत आणि म्हणत, "आ कर." पेशंटनं तोंड उघडायचं, जीभ उचलायची, गाल दाखवायचे.

हे "आ कर" उगाच नव्हतं. गोळ्या गालात धरून नंतर खिडकीबाहेर थुंकायच्या, ही आमच्या पेशंटांची जुनी विद्या. त्या खिडकीखाली एक शेवग्याचं झाड होतं. डॉक्टर म्हणत, "कांदिवलीत या झाडाइतकी औषधं कुणाला मिळाली नसतील. बघा कसं तरारलंय!" हॉस्पिटलच्या स्वैपाकघरात त्या शेंगांची आमटी झाली की आम्ही नर्सेस ती खात नसू.

शेवटचा प्रश्न मात्र सगळे सोपा समजत. "घरी औषधाकडे बघणार कोण?" बायको, सून, आई, काहीतरी सांगायचं. डॉक्टर म्हणत, "आण तिला." मग परीक्षा तिची. बहुतेक वेळा बायको नवऱ्यापेक्षा चांगली उत्तरं देई आणि नवऱ्याचं तोंड पडे. "मीच बघेन माझं" हे उत्तर मात्र त्यांना अजिबात चालत नसे. "तू बघणारा असतास तर इथं आला असतास का?" असं म्हणून ते स्टूल उचलून पुढच्या खाटेकडे निघत. मागे उरलेला माणूस नापास.

एकदा एका शाळेचे मुख्याध्यापक आले होते. रक्तदाब. आयुष्यभर पोरांना नापास करून तो वाढला असावा, असा आमचा अंदाज. परीक्षेच्या दिवशी ते कोट घालून खाटेवर ताठ बसले.

"मास्तर, काय झालंय तुम्हाला?"

"ब्लडप्रेशर."

"मराठीत."

"रक्तदाब वाढलाय."

"म्हणजे आत काय झालंय?"

मुख्याध्यापक छताकडे बघू लागले. शेजारच्या खाटेवर एक बसकंडक्टर होता. त्याला रक्तदाबाच्या परीक्षेला तीन वेळा बसण्याचा अनुभव. तो उशीत तोंड घालून कुजबुजला, "नळाला पाणी जोरात येतंय, पाइप फाटेल... बोला ना मास्तर!"

मास्तर घाईघाईनं म्हणाले, "नळाला पाणी जोरात येतंय."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मास्तर, कॉपी?"

त्या गृहस्थांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. त्यांना आणखी दोन दिवस राहावं लागलं. पण जाताना त्यांनी रक्तदाबावर असं काही उत्तर दिलं की हाउसमन मुलं लिहून घेत होती. पुढे पुष्कळ वर्षं ते तपासायला येत आणि डॉक्टर दिसले की आपण होऊन तोंड उघडत.

हे सगळं ऐकायला गमतीचं, पण हॉस्पिटल चालवणाऱ्याच्या डोक्याला तापच. खाटा अपुऱ्या, जमिनीवर गाद्या टाकलेल्या, आणि वर बरे झालेले लोक खाटा अडवून अभ्यास करताहेत. आमचे सुपरिंटेंडेंट मुळात भला माणूस. ते वर येऊन म्हणाले, "अहो डॉक्टर, हे हॉस्पिटल आहे, शाळा नाही. पेशंट फिट झाला की बेड रिकामा करा. खाली फ्लोअरवर लोक पडलेत, त्यांचं काय?"

"आणि हा महिन्यानं परत आला की त्याला बेड कोण देणार? तुम्हीच ना?"

"आला तर बघू."

"येतोच," डॉक्टर म्हणाले. "जिवंत आला तर नशीब म्हणायचं."

खरं सांगते, मला त्या दिवशी सुपरिंटेंडेंटचंच पटलं होतं. जमिनीवरची माणसं मी रोज ओलांडत होते. मी डॉक्टरांना तसं तोंडावर म्हटलंही. ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते लिननच्या कपाटामागे गेले आणि तपकीर ओढून परत आले. सगळ्या वॉर्डाची तंबाखू सोडवणारे हे गृहस्थ स्वतः कपाटामागे तपकीर ओढत, आणि ते कुणाला माहीत नाही असं फक्त त्यांनाच वाटे. शिंका तर सगळ्या मजल्याला ऐकू येत.

ते म्हणाले, "सिस्टर, पूर्वी मीसुद्धा झटपट सोडायचो. एक पोरगा होता, छातीचा क्षय. इंजेक्शनं दिली, वजन वाढलं, हसत घरी गेला. मग दुसऱ्यांदा आला तो उचलून आणलेला. मी खेकसलो, गोळ्या का सोडल्यास? तो म्हणाला, साहेब, बरं वाटायला लागलं होतं ना, मग कशाला घ्यायच्या? बरं वाटलं तरी घ्यायच्या, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, हे काय सांगायचं? गेला तो."

एवढं बोलून ते राउंडला निघाले. त्यानंतर मी आणि दुसऱ्या नर्सेसनी मिळून एवढंच केलं की परीक्षेची तयारी पेशंट दाखल झाला की लगेच सुरू करायची. त्यामुळे नापासांचं प्रमाण घटलं आणि सुपरिंटेंडेंटचा आवाज थोडा उतरला. मोनीबाय येईपर्यंत सगळं बरं चाललं होतं.

मोनीबाय जवळच्याच गावठाणातली. तिथली जुनी ख्रिस्ती वस्ती, घराघरापुढे क्रूस, मागे भाताचं शेत. ही विधवा, मुलगा बोटीवर खलाशी, वर्षा-दोन वर्षांनी तोंड दाखवणारा. हिला मधुमेह, आणि तोही असा की रोज सकाळी इन्शुलिनची सुई घ्यायलाच हवी. तेव्हा काचेची सिरिंज असे. ती उकळायची, औषध बरोबर त्या रेघेपर्यंत भरायचं, आणि टोचायची. मोनीबायच्या डोळ्यांत मोतीबिंदू. रेघा तिला दिसत नव्हत्या.

पहिल्या तीन प्रश्नांना तिनं खणखणीत उत्तरं दिली. इन्शुलिन गार राहायला ओल्या वाळूत मडकं पुरून त्यात बाटली ठेवायची, हेसुद्धा न विचारता सांगितलं. मग शेवटचा प्रश्न आला.

"घरी सुई कोण भरणार?"

"देव हाय ना."

"देवाला काय कमी कामं आहेत? तो सिरिंजच्या रेघा कधी बघणार?"

"अरे डाक्टर, माजा भात शेतात उभा हाय! तो कोन कापल, तू?"

डॉक्टर म्हणाले, "आधी सुईवाला माणूस आण, मग मी कापायलासुद्धा येतो."

तिच्याकडे आणायला माणूसच नव्हतं. दोन-तीनदा ती याच प्रश्नावर अडली. वॉर्डातल्या बायकांनी तिला खोटंच एखादं नाव सांगायचा सल्ला दिला. ती म्हणाली, खोटं बोललं तर पाद्रीला सांगावं लागेल, त्यापेक्षा डाक्टरशी भांडलेलं बरं. आणि एक दिवस भेटायच्या वेळेच्या गर्दीत, कुणाच्या तरी टोपलीतून लपवून आणवलेलं आपलं लुगडं नेसून, मोनीबाय सरळ चालती झाली. हॉस्पिटलचा झगा नीट घडी करून उशीवर ठेवला होता. इन्शुलिन मात्र इथंच राहिलं.

सुपरिंटेंडेंट म्हणाले, "गेली? चला, एक बेड सुटला."

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढली. मला म्हणाले, "सिस्टर, सिरिंजचा डबा घे आणि चल. पेपर अर्धा राहिलाय."

त्यांनी सायकल हातात धरली आणि आम्ही बांधावरून चालत गेलो. मोनीबाय अंगणातच बसली होती. घाम फुटलेला, तोंडाला कोरड, पण कोयता हातात. आम्हाला बघून तिनं तोंड फिरवलं. मी आधी तिला सुई दिली. मग डॉक्टर अंगणात उभं राहून मोठ्यानं म्हणाले, "इथं शेजारी कोण राहतं?"

मोनीबाय ताडकन म्हणाली, "तिचा नाव नको घेऊ."

शेजारी फिलूबाय राहायची. दोघींच्या अंगणांच्या मधोमध एक फणसाचं झाड होतं. खोड हिच्या बाजूला, फांद्या तिच्या बाजूला, आणि फणस कुणाचे यावरून दोघी कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. चर्चमध्येसुद्धा एक डावीकडे बसे आणि दुसरी उजवीकडे. फिलूबाय आपल्या दारात उभी राहून सगळं बघतच होती. डॉक्टर तिच्याकडे गेले.

"बाई, तुम्हाला डोळ्यांनी बारीक दिसतं?"

"सुईत दोरा मी ओवते."

"मग हिला रोज सकाळी सुई टोचायची आहे. द्याल?"

"रोज?"

"रोज. चुकवायची नाही."

"जनमभर?"

"जन्मभर."

फिलूबायचा चेहरा हळूहळू उजळला. "हिला? मी टोचायची? आनि हिनं गप बसायचा?" तिनं पदर खोचला. "दे डाक्टर, मना शिकव. आज शिकव."

मोनीबायनं आकाशपाताळ एक केलं. पण डॉक्टरांनी तिथंच परीक्षा घेतली. परसातलं एक वांगं आणून त्यात पाणी टोचायला लावलं. फिलूबायनं पहिल्यांदा सुई अशी खुपसली की ती वांग्याच्या पलीकडून बाहेर आली. "एवढा जोर नको, बाई," मी म्हटलं. ती म्हणाली, "वांगा नाय दिसत मना तिथं." संध्याकाळपर्यंत तिचा हात बसला. पास झाली. त्या वर्षीचा भात गावठाणातल्या लोकांनी मिळून कापला, आणि डॉक्टर शब्द दिल्याप्रमाणे एका रविवारी खरोखर कोयता घेऊन गेले. अर्ध्या तासात हात कापून घेतला आणि फिलूबायनं त्यांना बांधावर बसवलं, ही गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही. मोनीबायनं मात्र सगळ्यांना सांगितली.

यानंतर बरीच वर्षं गेली. शेतांच्या जागी इमारती आल्या, मी सिस्टर-इन-चार्ज झाले, डॉक्टरांचे केस गेले, स्टूल तेच राहिलं. आणि सत्तरच्या दशकात एका सकाळी राउंडच्या मधेच डॉक्टरांनी छातीवर हात धरला. मधल्या छोट्या खोलीत, त्यांच्याच मजल्यावर, त्यांना ठेवलं. पूर्वी ज्याला स्वतःच्या पोटाला स्टेथोस्कोप लावायला लागला होता, तो हाउसमन आता मोठा डॉक्टर झाला होता. तो त्यांच्यावर उपचार करायला आला तेव्हा आधी स्टेथोस्कोप काखेत धरून उभा राहिला. मी बाहेर जाऊन डोळे पुसले.

डॉक्टर वाचले. हळूहळू बसू लागले, चालू लागले, आणि बरं वाटायला लागल्याबरोबर त्यांना घरी जायची घाई झाली. त्यांचं घर म्हणजे हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीतल्या बंगलीत वरच्या दोन खोल्या. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारलेली, मूल नाही. हेही आम्हाला दुसऱ्याच कुणाकडून कळलेलं.

डिस्चार्जच्या सकाळी ते क्लिपा लावून तयार. मी ते लाकडी स्टूल ओढलं आणि त्यांच्या खाटेशेजारी बसले. दारात हाउसमन, नर्सेस, आया, दोन्हीकडचे चालते पेशंट, सगळे जमले. डॉक्टर हसले. "विचार. विचार."

"काय झालं होतं?"

"हृदयाला रक्त नेणारी एक नळी तुंबली. तेवढा भाग मेला. उरलेला त्याचंही काम ओढतोय, म्हणून त्याला पळवायचं नाही. सायकल बंद."

टाळ्या पडल्या.

"काय सोडणार?"

"मीठ. तूप. चिडणं."

"आणि?"

ते इकडेतिकडे बघू लागले. मी हात पुढे केला. शेवटी त्यांनी खिशातून तपकिरीची डबी काढून माझ्या हातावर ठेवली. एवढ्या वर्षांनी गुपित फुटल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. गोळ्या त्यांनी बिनचूक ओळखल्या. मग मी शेवटचा प्रश्न विचारला. सवयीनं विचारला, आणि विचारल्यावर मला त्या दोन खोल्या आठवल्या.

"घरी औषधाकडे बघणार कोण?"

"मीच बघेन माझं," ते म्हणाले. "डॉक्टर आहे मी."

मग पुरुषांच्या बाजूचा एक म्हातारा पेशंट, दोनदा नापास झालेला, भिंतीला धरून उभा होता तो हळूच म्हणाला, "साहेब, हे उत्तर चालत नाही ना."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली नाही. त्यांनीच मला शिकवलं होतं. मी म्हटलं, "सर, नापास."

ते खाटेवर आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. दुपारी जेवले नाहीत. मला इतकं वाईट वाटत होतं की मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. पण सोडून दिलं असतं तर ते त्या दोन खोल्यांत गोळी विसरले असते, किंवा विसरले नसते तरी रात्री दुखायला लागल्यावर हाक मारायला कुणी नव्हतं. सुपरिंटेंडेंट आता बदलले होते. नवे वर आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "राहू देत त्यांना. बेड लागेल तेवढे दिवस."

गावठाणात ही बातमी कोण घेऊन गेलं कोण जाणे. दोन दिवसांनी सकाळी जिन्यात भांडण ऐकू आलं. आधी काठी टेकत मोनीबाय आली, मागून फिलूबाय, दोघी दम लागलेल्या आणि तरी बोलत असलेल्या. त्या एव्हाना बोलत होत्या म्हणजे अखंड भांडत होत्या. इतक्या वर्षांत सुईची एक सकाळ चुकली नव्हती. फणसही आता अर्धा अर्धा होत होता, फक्त अर्धा कुठला यावर वाद उरला होता.

फिलूबाय डॉक्टरांच्या खाटेशी जाऊन उभी राहिली. "नापास झाला म्हनं?"

डॉक्टर उठून बसले.

"बगनारा कोनी नाय ना तुला? मग बोलला का नाय?" ती माझ्याकडे वळली. "सिस्टर, माजी परीक्षा घे. हिला टोचून झाला का मी याच्याकडं येईन. वाटच हाय माजी, बाजाराची."

"आनि मी?" मोनीबाय म्हणाली. "तू गोळी देशील, ह्यो गिळंल कशावरून? मी बगते ना, गिळतो का नाय."

"तुला तर दिसत नाय!"

"तोंड दिसतं मना!"

डॉक्टर म्हणाले, "अहो बाई, मला सुई नाही. नुसत्या गोळ्या आहेत."

फिलूबायचा चेहरा पडला. "सुई नाय? अगदीच नाय?"

"नाही."

"बरा," ती नाराजीनं म्हणाली, "गोळी तर गोळी."

मी दोघींची परीक्षा घेतली. पांढरी, पिवळी, आणि दुखलं तर जिभेखाली धरायची बारकी. आणि रात्री दुखलं तर? त्याला फिलूबायकडे उत्तर तयार होतं. तिचा जावई त्या बंगलीच्या खालच्याच मजल्यावर भाड्यानं राहायला आला होता, ही माहिती तिनं शेवटपर्यंत राखून ठेवली होती. डॉक्टर त्याच दिवशी घरी गेले.

महिन्याभरानं मी ड्यूटीवर जाताना त्या गल्लीतून निघाले. बंगलीच्या पायरीवर दोघी बसल्या होत्या, फणसावरून चाललं होतं. डॉक्टर हातात पाण्याचा पेला घेऊन खाली उतरले. त्यांनी मला पाहिलं नाही. फिलूबायनं पुडीतून पांढरी गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली, पाणी प्यायले, आणि मग आपण होऊन पायरीवर वाकले, मोनीबायच्या डोळ्यांना दिसेल इतकं जवळ तोंड नेलं, आणि आ केला.